पात्रा नी मच्छी किती जुनी? 'कोणता भाग?'

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी माझ्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य लिहिलं होतं: 'केळीच्या पानात गुंडाळून मासा शिजवण्याची ही पारशी पाककृती सुमारे १००० वर्षं जुनी आहे.' वाक्य मला भारी आवडलं होतं. त्यात पदार्थ होता, समाज होता आणि मुख्य म्हणजे आकडा होता. गाईड मॅडमनी त्या वाक्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि समासात दोनच शब्द लिहिले: 'कोणता भाग?'

मला वाटलं, देशाचा कोणता भाग असं विचारतायत. मी प्रामाणिकपणे कंसात 'पश्चिम किनारा' असं घातलं आणि दुरुस्त प्रत नेऊन दिली. दोन दिवसांनी प्रत परत आली. तोच गोल, तेच शब्द, फक्त या वेळी आधी 'पदार्थाचा' असा एक शब्द जोडलेला.

त्या गोलातून बाहेर पडायला मला जवळजवळ दीड वर्ष लागलं. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा नेटची तयारी करतायत, विषय शोधतायत, आणि 'खाद्यसंस्कृतीचा इतिहास' हा विषय त्यातल्या त्यात सोपा दिसतो, म्हणून हे लिहिते आहे. सोपा तो नाही. पण मजेचा नक्की आहे.

ज्यांनी पात्रा नी मच्छी खाल्लेली नाही त्यांच्यासाठी आधी पदार्थ सांगते. पापलेट, अख्खं किंवा तुकडे करून. ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, जिरं, लिंबू, चवीपुरती साखर, कुणाकडे पुदिनाही, अशी हिरवी चटणी वाटायची आणि माशाला सगळीकडून थापायची. केळीच्या पानाचा मधला जाड दांडा काढायचा आणि पान आचेवरून फिरवायचं. त्यावरचा मेणाचा थर वितळतो, पान मऊ पडतं, मग घडी घातली तरी फाटत नाही. त्यात मासा गुंडाळायचा, दोऱ्याने बांधायचा आणि वाफवायचा. पुडीच्या आत ओल आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर फारसं चढत नाही, म्हणून पापलेटसारखा नाजूक मासा कोरडा पडत नाही आणि चटणी करपत नाही. पारशी लग्नाच्या जेवणात हा पदार्थ मानाचा. तिथे जेवणही केळीच्या पानावर वाढतात, म्हणजे एका पानात शिजलेलं दुसऱ्या पानावर येतं. जेवण झालं की दोन्ही पानं कचऱ्यात जातात. शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता १००० हा आकडा माझ्याकडे आला कुठून? खरं सांगायचं तर माझा हिशेब असा होता: पारशी लोक इराणमधून संजाणला आले, त्याला हजारएक वर्षं झाली. पदार्थ पारश्यांचा. म्हणजे पदार्थ हजार वर्षांचा. असा हिशेब तुम्ही शंभर ठिकाणी वाचाल. कोकणी मुसलमानांच्या, ईस्ट इंडियनांच्या, सारस्वतांच्या कुठल्याही पदार्थाबद्दल हेच चालतं. समाजाचं वय घ्यायचं आणि ते पदार्थाला चिकटवायचं. आजोबांचं वय नातवाला लावण्यासारखं आहे हे, पण लिहिताना जाणवत नाही.

त्यात समाजाचं वय तरी पक्कं आहे का? संजाणच्या आगमनाची कथा ज्यात आहे तो 'किस्सा-ए-संजाण' बहमन कैकोबाद यांनी १५९९ मध्ये फारसी पद्यात लिहिला. म्हणजे सांगितलेली घटना आणि लिहिण्याचा काळ यांत किमान सहा-सात शतकांचं अंतर. आगमन आठव्या शतकातलं की दहाव्या, यावर अजून वाद आहे. मी हा किस्सा इंग्रजी भाषांतरातून तीनदा वाचला. खुरासानातून निघालेले लोक होर्मुझला येतात, तिथून दीवला, मग संजाणला. राजा जादी राणा अटी घालतो: इथली भाषा बोला, बायकांनी इथला पोशाख घालावा, शस्त्रं खाली ठेवा, लग्नं संध्याकाळी लावा. काय खा, काय खाऊ नका, याबद्दल अट नाही. आणि गंमत म्हणजे दुधाने काठोकाठ भरलेल्या भांड्यात साखर विरघळवण्याची ती प्रसिद्ध गोष्टही त्यात नाही. ती मौखिक परंपरेतून आलेली. मला शाळेपासून ती इतकी पाठ होती की पहिल्या वाचनात ती मला तिथे 'दिसली' होती! टिपणवहीत मी चक्क नोंद केली होती. मूळ साधन स्वतः वाचा, हे आपल्याला सगळेच सांगतात. वाचल्यावर टिपणं परत मुळाशी ताडून बघा, हे कुणी सांगत नाही.

मग मी पुरातत्त्वाकडे वळले. डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेल्या राष्ट्रकूट ताम्रपटात, शके ८४८ म्हणजे इ.स. ९२६ मध्ये, संजाण मंडलाचा कारभार एका ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे असल्याचं येतं. म्हणजे हे बंदर काही एका समाजाचं नव्हतं. २००२ ते २००४ या काळात संजाणला उत्खननं झाली. पश्चिम आशियातून आलेल्या झिलईदार भांड्यांचे तुकडे निघाले, दख्म्याचे अवशेष निघाले. मी अहवाल उघडला तो एकाच आशेने, की कुठेतरी स्वयंपाकघर भेटेल.

इथे मला पहिल्यांदा कळलं की माझ्या विषयाची खरी अडचण काय आहे. मातीचं भांडं फुटलं तरी खापर हजार वर्षं टिकतं. पानाची पुडी हे भांडंच आहे, पण एका दिवसाचं. ते जेवणानंतर गाईच्या पुढे जातं नाहीतर उकिरड्यावर, आणि महिन्याभरात माती होतं. उत्खननात भांडी जास्त सापडली म्हणून लोक सगळं भांड्यातच शिजवत होते, असं म्हणता येत नाही. ज्यांच्याकडे भांडी कमी होती त्यांचा स्वयंपाक आपल्याला दिसतच नाही, हेच जास्त खरं आहे.

म्हणजे पान अगदीच बिनपुराव्याचं का? तसंही नाही. वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात, त्यांना फायटोलिथ म्हणतात. पान कुजतं, हे कण मातीत राहतात. केळीच्या पानातल्या कणांचा आकार ज्वालामुखीसारखा असतो, मध्ये खळगा आणि भोवती उतार, त्यामुळे ते ओळखता येतात. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या कुक या दलदलीच्या जागी केळीची लागवड साधारण साडेसहा ते सात हजार वर्षांपूर्वी होत होती, हे ठरवताना या कणांचा मोठा उपयोग झाला. तो निबंध २००३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. सिंधमधल्या कोट दिजी इथूनही असे कण नोंदवले गेले आहेत, त्यावर मात्र चर्चा चालू आहे.

मी हे वाचून उड्या मारल्या आणि मॅडमकडे धावले. त्या शांतपणे म्हणाल्या, "कण सापडला तर पान होतं हे कळेल. पानात मासा होता हे कशावरून?" खरं आहे. पान ताट म्हणून आलं असेल, छपरावर घातलं असेल, गुरांना टाकलं असेल. साधन जेवढं बोलतं तेवढंच त्याच्या तोंडी घालायचं. हा धडा मी निदान चार वेळा शिकले आहे, पाचव्यांदाही शिकेन.

पानानंतर आच. म्हणजे वस्तू पानात बांधून विस्तवात शिजवण्याची रीत. इथे मला पुरावा जिथे अपेक्षित नव्हता तिथे मिळाला: आयुर्वेदात आणि नाटकात.

आयुर्वेदात 'पुटपाक' नावाची क्रिया आहे. ओल्या औषधीचा गोळा करायचा, तो पानांत गुंडाळायचा, वर मातीचा जाड लेप द्यायचा आणि निखाऱ्यात ठेवायचा. लेप लाल झाला की बाहेर काढून आतल्या गोळ्याचा रस पिळून घ्यायचा. शार्ङ्गधरसंहितेत या क्रियेसाठी वड, जांभूळ वगैरेंची पानं सांगितली आहेत. आता भवभूतीकडे या. आठव्या शतकातला हा नाटककार स्वतःचं मूळ गाव विदर्भातलं पद्मपूर असं सांगतो. त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकात रामाच्या दुःखाला पुटपाकाची उपमा येते: बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र सगळं रटरटतंय.

उपमा हा इतिहासाचा फार उपयोगी पुरावा असतो, आणि आपण तो वाया घालवतो. ताम्रपट लिहिणाऱ्याला माहीत असतं की आपण नोंद करतोय. उपमा देणाऱ्याला वाटत असतं की ही गोष्ट तर सगळ्यांना ठाऊकच आहे. प्रेक्षकाला पुटपाक कळत नसता तर ती ओळ नाटकात पडली असती. तेव्हा आठव्या शतकात पान-माती-निखारा ही युक्ती सुशिक्षित प्रेक्षकांच्या ओळखीची होती, एवढं मी छातीठोकपणे लिहू शकते. त्या पानात मासा होता, असं मात्र नाही. औषध होतं.

माशाबद्दलचा जुना लेखी मजकूर हवा तर 'मानसोल्लास' आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावरचा, बाराव्या शतकातला हा ग्रंथ. त्यात मासेमारीच्या राजेशाही करमणुकीवर स्वतंत्र प्रकरण आहे, माशांच्या जाती आणि त्यांना घालायचं आमिषही त्यात येतं. अन्नभोगाच्या प्रकरणात मासे साफ करण्यापासून शिजवण्यापर्यंतच्या कृती येतात. पण ते राजाचं स्वयंपाकघर. तिथे भांड्यांना तोटा नव्हता.

आता मसाला, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण माझं १००० वर्षांचं वाक्य खरं कोसळलं ते इथे.

चटणीत हिरवी मिरची आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती युरोपात पोचली आणि पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आली. 'ऐन-ए-अकबरी'त, म्हणजे १५९० च्या सुमाराला, बाजारभावांच्या याद्या आहेत. त्यांत मिरी आहे, मिरची नाही. आपल्या भाषेनेही ही गोष्ट जपून ठेवली आहे: संस्कृत 'मरिच'पासून 'मिरी', आणि नवा तिखट पाहुणा आला तेव्हा त्याला जुन्याच तिखटाच्या नावावरून 'मिरची' हे नाव मिळालं. म्हणजे आज आपण जिला पात्रा नी मच्छी म्हणतो, ती हिरव्या मिरचीच्या चटणीची, ती १६ व्या शतकाच्या आधी असूच शकत नाही. ही झाली वरची मर्यादा, 'याच्या आधी नाही' अशी. इतिहासात नेमकी तारीख क्वचित मिळते, अशा मर्यादा मात्र मिळतात, आणि त्या फार कामाच्या असतात.

पण त्याच चटणीतलं खोबरं बघा. नाशिकच्या पांडवलेण्यांत, क्र. १० च्या लेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने नानंगोल गावातली ३२,००० नारळाची रोपं दान दिल्याचं कोरलं आहे. नानंगोल म्हणजे आजचं नारगोळ, असं अभ्यासकांनी ओळखलं आहे. नारगोळ कुठे आहे? संजाणपासून हाकेच्या अंतरावर! पुढे पारश्यांची वस्ती असलेलं गाव. हा नकाशा बघितला त्या रात्री मला झोप लागली नाही. एकाच चटणीत एक जिन्नस त्या किनाऱ्यावर १९०० वर्षं आहे आणि दुसरा फार तर ५०० वर्षं. पाट्यावर वाटलं की दोन्ही एकजीव होतात आणि आपण त्यांना एकच वय देऊन मोकळे होतो.

याची उलटी बाजू मेक्सिकोत आहे. युकातान द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर 'टिकिन शिक' नावाचा पदार्थ करतात: माशाला अचिओटेच्या तांबड्या बियांचं वाटण आणि आंबट संत्र्याचा रस लावायचा, केळीच्या पानात गुंडाळायचा आणि भाजायचा. नाव माया भाषेतलं, म्हणून तोही 'प्राचीन' म्हणून विकला जातो. पण केळ तिथली नाही. स्पॅनिश इतिहासकार ओव्हिएदोच्या नोंदीनुसार १५१६ मध्ये तोमास दे बेर्लांगा या धर्मगुरूने कॅनरी बेटांवरून केळीची रोपं कॅरिबियनमध्ये नेली. त्याआधीही तिथले लोक अन्न मक्याच्या सालीत आणि इतर पानांत बांधून शिजवतच होते. म्हणजे तिथे रीत जुनी आणि केळीचं पान परकं, आपल्याकडे पान जुनं आणि मिरची परकी. त्याच शतकात दोन किनाऱ्यांनी एकमेकांच्या पुडीत एकेक वस्तू घातली. हे कळल्यावर 'अस्सल' हा शब्द मी प्रबंधातून शोधून शोधून काढला, १४ ठिकाणी होता.

नावाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर लोक फार भिस्त ठेवतात. 'पात्रा नी मच्छी' हे सगळं नाव गुजराती आहे. पात्रा म्हणजे पान, आपल्या पत्रावळीतलंच पत्र. माशाला फारसीत 'माही' म्हणतात, तो शब्द इथे नाही. बंगालीतलं 'पातुरी' हे नावही पानावरूनच आलंय, तर केरळातल्या 'मीन पोळ्ळिच्चदु'चं नाव आचेवरून. यावरून काही जण लगेच म्हणतात, नाव देशी म्हणून पदार्थ देशी. थांबा. पारश्यांनी गुजराती ही घरची भाषा केली, तेव्हा ते कुठल्याही पदार्थाला गुजरातीच नाव देणार. इराणच्या पठारावर केळ होत नाही, त्यामुळे केळीचं पान तिथून आलं नाही एवढं उघड आहे. पण ते सांगायला नावाची गरजच नव्हती.

मग उरली छापील पुस्तकं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० चं, आणि गुजरातीत मेहेरबाई वाडिया यांचं 'विविध वाणी', जे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पारशी घरांत वापरलं जात होतं. पाकपुस्तक हे फार मोहात पाडणारं साधन आहे. त्यात माप असतं, क्रम असतो, लेखिकेचं नाव असतं. पण पुस्तकात पदार्थ पहिल्यांदा आला म्हणजे तेव्हा जन्मला असं नाही, तसंच कोणाच्या पुस्तकात आला म्हणजे त्यांचाच असंही नाही. छापखाना, शिकलेल्या मुली, पुस्तक विकत घेणारी घरं हे सगळं मुंबईतल्या काही समाजांकडे आधी आलं. ज्यांच्याकडे आलं नाही त्यांनी काय शिजवलं हे कुठल्या दप्तरात शोधायचं?

म्हणून मी डहाणू तालुक्यात गेले. तिथल्या चिकूच्या बऱ्याच वाड्या पारशी आणि इराणी कुटुंबांनी लावलेल्या, आणि त्यांत राबणारे हात बहुतेक वारली आणि इतर आदिवासींचे. एका गावात मला एक आजी भेटल्या. तरुणपणापासून एका पारशी बंगल्यात स्वयंपाकघरात काम केलेल्या. नाव लिहीत नाही, त्यांची तशी इच्छा आहे.

माझी पहिली मुलाखत म्हणजे प्रश्न कसे विचारू नयेत याचा नमुना होता. मी विचारलं, "आजी, मासा पानात शिजवायचं तुम्ही बंगल्यावरच्या बाईंकडून शिकलात का?" उत्तर मीच तोंडात घातलं होतं! आजी हसल्या. म्हणाल्या, "पानात भाजायला काय शिकायचं?" मी लगेच दुसऱ्या टोकाला उडी मारली: "म्हणजे बाई तुमच्याकडून शिकल्या?" त्यावर त्या म्हणाल्या, "बाई कशाला शिकतील? चुलीपाशी मीच होते."

रेकॉर्डिंग मी त्या दिवसापासून किती वेळा ऐकलं असेल. 'पारश्यांनी स्थानिकांकडून घेतलं' किंवा 'स्थानिकांनी पारश्यांकडून घेतलं', माझी सगळी मांडणी या दोन वाक्यांपैकी एक निवडण्यावर उभी होती. जणू दोन समाज समोरासमोर बसून पाककृतींची देवाणघेवाण करत होते. आणि इथे एकच बाई होती, जिच्या हातून दोन्ही पुड्या बांधल्या जात होत्या. चटणी बंगल्यावरची, तिथे वाफवायचं. घरी निखाऱ्यात. घरच्या पुडीत ओहोळातली बारीक मासळी, मीठ आणि मिरची, बस. खोबरं नाही, नारळ मोजलेले असत. आणि पान केळीचं नाही. मी "का?" विचारलं. "केळ वाडीतली. पान तोडलं तर ओरडायचे." म्हणून पळसाचं.

मी शहरात वाढलेली. केळीचं पान ही माझ्या डोक्यात फुकटची, गरिबाघरची वस्तू होती. पानावरही मालकी असते हे माझ्या कुठल्याच संदर्भग्रंथात नव्हतं. पानात शिजवण्याची रीत लग्नाच्या मांडवातही आहे आणि भांडं-तेल परवडत नाही त्या चुलीवरही आहे. पण दोन्हीकडे पान तेच नाही, मासा तोच नाही आणि त्याचा अर्थही तोच नाही. मांडवातल्या पुडीला नाव आहे. आजींना मी त्यांच्या पुडीचं नाव विचारलं, तर त्या गोंधळल्या. नाव कशाला लागतं, भाजलेली मासळी ती.

आता सावध राहायला हवं. एका बाईची आठवण फार तर साठ-सत्तर वर्षं मागे जाते. तिच्यावरून मी संजाणला उतरलेल्या पहिल्या गलबताबद्दल काही बोलले, तर पुन्हा तोच हजार वर्षांचा घोटाळा होईल, फक्त बाजू बदललेली. 'मूळ आदिवासींचा पदार्थ, पारश्यांनी नेला' हे वाक्य आज ऐकायला चांगलं वाटतं, टाळ्याही मिळतील. माझ्याकडे त्याला पुरावा नाही. माझ्याकडे पुरावा आहे तो एवढ्याचाच, की विसाव्या शतकात किमान एका बंगल्यात ही पुडी बांधणारे हात कोणाचे होते. तुमच्या विषयातही असं होईल. जुनं लाडकं वाक्य मोडलं की त्याच्या जागी लगेच दुसरं लाडकं वाक्य येऊन बसतं. पहिल्याला जेवढं तपासलं तेवढंच त्यालाही तपासा.

माझ्या प्रकरणात आता एक तक्ता आहे. पान, आच, खोबरं, मिरची, नाव, छापील कृती, प्रत्येकाच्या पुढे वेगळा काळ आणि वेगळं साधन. पदार्थाच्या एकूण वयाचा रकाना मी ठेवलेलाच नाही. 'शिजवणारी' असा एक रकाना आहे, त्यातल्या बहुतेक चौकटी रिकाम्या आहेत. त्या तशाच छापायच्या असं ठरलंय. आता शोध चालू आहे तो वाड्यांच्या जुन्या हिशेबवह्यांचा. पगाराच्या यादीत स्वयंपाकिणीचं नाव असेल, निदान आकडा तरी असेल.

मागच्या महिन्यात लिहून काढलेली मुलाखत आजींना वाचून दाखवायला गेले. ही सवय लावून घ्या, कंटाळा करू नका. मी लिहिलं होतं, 'बंगल्यावर केळीचं कोवळं पान वापरत.' आजींनी हाताने थांबवलं. कोवळं फाटतं, जून तडकतं, मधलं घ्यायचं आणि आधी चुलीवर धरायचं, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं, आणि मी लिहून घेतलं की नाही ते वाकून बघितलं. वाचता त्यांना येत नाही, पण मी लिहीपर्यंत त्या बघत राहिल्या.

ती दुरुस्ती मॅडमना दाखवली. त्यांनी पूर्ण पान वाचलं, पेन्सिल उचलली आणि 'ओहोळातली बारीक मासळी' या शब्दांभोवती गोल काढला. समासात लिहिलं: 'कोणती?'

मी विचारलंच नव्हतं. पाऊस सरला की परत जाणार आहे.